न्येरेरेंचा टांझानिया आणि उजामाचं स्वप्न: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आफ्रिकेतल्या नेत्यांपैकी मंडेला आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतात. टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे मात्र बहुतेकांना स्पर्धा परीक्षेच्या गाइडमध्ये भेटतात, १९९५ सालच्या पहिल्या गांधी शांतता पुरस्काराचे मानकरी म्हणून. पाठ करायचं आणि पुढे जायचं. पण स्वतंत्र झालेला गरीब देश उभा कसा करायचा, या प्रश्नावर विसाव्या शतकात ज्यांनी सर्वात गंभीरपणे विचार केला आणि तो विचार आपल्याच लोकांवर आजमावला, त्यांत हा माणूस बराच वर येतो. त्यातलं काय जमलं आणि काय साफ फसलं, याबद्दल नेहमी येणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

न्येरेरे मूळचे कोण, कुठले?

जन्म १३ एप्रिल १९२२, व्हिक्टोरिया सरोवराच्या पूर्वेकडच्या बुतियामा गावात. झानाकी नावाची छोटीशी जमात, वडील तिचे प्रमुख. वडिलांना बावीस बायका होत्या, ज्युलियसची आई त्यांतली पाचवी. पोरगा शाळेत गेला तोच बाराव्या वर्षी. पण गेला तो थांबलाच नाही: ताबोराची सरकारी शाळा, युगांडातलं मकेरेरे कॉलेज, आणि १९४९ ते १९५२ एडिंबरा विद्यापीठ. परत येऊन दार एस सलामजवळच्या पुगू इथल्या कॅथलिक शाळेत शिकवू लागले. ७ जुलै १९५४ ला 'टानू' हा स्वातंत्र्याची मागणी करणारा पक्ष स्थापन झाला आणि ते त्याचे अध्यक्ष झाले. मग नोकरी की राजकारण हा सवाल आला, तेव्हा १९५५ मध्ये त्यांनी नोकरी सोडली.

लोक त्यांना आयुष्यभर 'म्वालिमू' म्हणत आले, म्हणजे गुरुजी. राष्ट्राध्यक्ष असतानाच त्यांनी शेक्सपियरची 'ज्युलियस सीझर' आणि 'मर्चंट ऑफ व्हेनिस' ही दोन नाटकं स्वाहिलीत आणली. हे गुरुजीपण त्यांच्या राजकारणातून कधीच गेलं नाही. त्याचा फायदा देशाला झाला आणि तोटाही झाला.

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा देशाची स्थिती काय होती?

टांझानियाचा मुख्य भूभाग म्हणजे तेव्हाचा टांगानिका. आधी जर्मनांची वसाहत, इतकी हिंदी महासागराशी बांधलेली की तिथल्या जर्मन नाण्याचं नावही 'रुपी' होतं. १९०५ ते १९०७ मध्ये त्यांच्याविरुद्ध 'माजी माजी' नावाचा उठाव झाला. जर्मनांनी पिकं जाळून आणि उपासमार घडवून तो चिरडला. पहिल्या महायुद्धानंतर देश ब्रिटिशांकडे गेला, पण वसाहत म्हणून नव्हे. आधी राष्ट्रसंघाच्या आणि पुढे संयुक्त राष्ट्रांच्या वतीने ब्रिटिश तो सांभाळत होते. या कायदेशीर फटीचा न्येरेरेंनी पुरेपूर उपयोग केला. १९५५ मध्ये ते थेट न्यूयॉर्कला जाऊन संयुक्त राष्ट्रांच्या विश्वस्त मंडळासमोर आपली बाजू मांडून आले.

९ डिसेंबर १९६१ ला देश स्वतंत्र झाला. रक्तपात जवळजवळ नाहीच. पण हाती काय आलं? सिसल नावाच्या दोरखंडाच्या पिकावर उभी असलेली निर्यात, ज्याचा भाव लवकरच कृत्रिम धाग्यांनी पाडला. शंभर-सव्वाशे जमाती. न्येरेरे पुढे सांगत की ब्रिटिश गेले तेव्हा प्रौढांपैकी ८५ टक्के निरक्षर होते आणि अख्ख्या देशात शिकलेले इंजिनिअर दोन व डॉक्टर बारा होते.

एक गोष्ट मात्र पथ्यावर पडली. इतक्या जमातींपैकी एकही इतकी मोठी नव्हती की बाकीच्यांवर दादागिरी करील. स्वतः न्येरेरे तर अगदीच किरकोळ जमातीचे. केनिया किंवा नायजेरियाच्या नेत्यांना ही सोय नव्हती.

'उजामा' म्हणजे नेमकं काय?

कुटुंबभाव. १९६२ मध्ये न्येरेरेंनी याच नावाची एक पुस्तिका लिहिली. युक्तिवाद साधा होता. आफ्रिकी एकत्र कुटुंबात जमीन सगळ्यांची असते, अन्न वाटून खाल्लं जातं आणि काम प्रत्येकाला करावं लागतं. हे कुटुंब राष्ट्राएवढं मोठं करायचं. समाजवाद आम्हाला युरोपातून आणायची गरज नाही, तो आमच्या अंगणात आहे.

फुकट खाणाऱ्याला या अंगणात जागा नव्हती. न्येरेरे एक स्वाहिली म्हण नेहमी सांगत: पाहुण्याला दोन दिवस पाहुणा म्हणून ठेव, तिसऱ्या दिवशी त्याच्या हातात कुदळ दे.

या चित्रात गुलाबी रंग जरा जास्तच होता, हे उघड आहे. जुन्या गावातही सरदार होते, गुलाम होते, आणि बायका राबत होत्या. पण शेवटचा मुद्दा न्येरेरेंनी स्वतःच १९६७ मध्ये लिहून ठेवला. पारंपरिक व्यवस्थेत स्त्रियांवर कामाचा अन्याय्य बोजा होता आणि ती व्यवस्था गरीब होती, हे दोन दोष त्यांनी कबूल केले.

म्हणजे हा साम्यवादच झाला ना?

नाही. न्येरेरे सकाळी चर्चला जाणारे कॅथलिक होते आणि वर्गसंघर्ष त्यांना पटत नव्हता. त्यांचं म्हणणं असं की टांगानिकात भांडवलदार आहेतच कुठे लढायला? ते तयार होऊ द्यायचे नाहीत, एवढंच काम आहे. दार एस सलाम विद्यापीठातले मार्क्सवादी याच मुद्द्यावर त्यांच्यावर तुटून पडायचे. इसा शिवजींसारख्या तरुण अभ्यासकांनी दाखवून दिलं की नवा मालकवर्ग सरकारी कचेऱ्यांतच तयार होतो आहे. त्यात तथ्य होतं.

स्वातंत्र्यानंतर दीड महिन्यातच पंतप्रधानपदाचा राजीनामा का दिला?

जानेवारी १९६२ मध्ये त्यांनी पद रशिदी कवावांकडे सोपवलं आणि पक्ष बांधायला गावोगाव फिरले. वर्षअखेरीस देश प्रजासत्ताक झाला तेव्हा राष्ट्राध्यक्ष म्हणून परतले. सत्ता मिळाल्यावर पक्षाकडे पाठ फिरवणारे पुष्कळ असतात. हा उलटा प्रकार.

आरुशा जाहीरनामा इतका गाजला तो कशामुळे?

त्याच्या आधीचा एक प्रसंग पाहिला की जाहीरनामा चांगला कळतो. सरकारने ठरवलं की पदवीधरांनी राष्ट्रीय सेवेत दोन वर्षं द्यायची, आणि त्यातला बराच काळ पगाराच्या ४० टक्क्यांवर काम करायचं. २२ ऑक्टोबर १९६६ ला विद्यार्थी गाऊन घालून अध्यक्षीय निवासावर मोर्चा घेऊन गेले. एका फलकावर मजकूर होता की वसाहतीचा काळच बरा होता. न्येरेरेंनी ऐकून घेतलं, आणि मग भडकले. तुमचे पगार जास्त आहेत, माझाही जास्त आहे, असं म्हणत त्यांनी तिथल्या तिथे स्वतःचा पगार २० टक्क्यांनी कापल्याचं जाहीर केलं. जवळपास चारशे विद्यार्थ्यांना घरी पाठवलं ते वेगळंच. त्यांतले बरेचसे पुढे परत घेतले गेले.

तीनेक महिन्यांनी, ५ फेब्रुवारी १९६७ ला, आरुशा शहरात ठरलेला टानूचा हा जाहीरनामा आला. त्याचा गाभा असा की आपण गरीब आणि दुबळे आहोत म्हणून पिळले गेलो, आणि आता या दुबळेपणाविरुद्ध लढायला आपण चुकीचं हत्यार उचललं आहे, ते म्हणजे पैसा. पैसा आपल्याकडे नाही. कर्ज आणि देणग्यांवर उभा राहिलेला देश स्वतंत्र राहत नाही. विकासाला चार गोष्टी लागतात: माणसं, जमीन, चांगली धोरणं आणि चांगलं नेतृत्व. कारखान्यांची आणि शहरांची चैन शेतकऱ्याच्या घामातून होते, याची जाणीव ठेवा.

लगेच बँका, विमा, मोठा आयात-निर्यात व्यापार आणि पिठाच्या गिरण्या सरकारने ताब्यात घेतल्या. रस्त्यांवर लोक नाचले. मार्चमध्ये शिक्षणावरचं धोरण आलं: प्राथमिक शाळा ही वरच्या वर्गात जायची शिडी न राहता तिथेच पूर्ण होणारं शिक्षण असावं, आणि प्रत्येक शाळेला शेत असावं.

पुढाऱ्यांवर बंधनं घातली होती म्हणतात, ती पाळली गेली का?

जाहीरनाम्याचा हा भाग मला सर्वात धाडसी वाटतो. पक्षातल्या किंवा सरकारातल्या पुढाऱ्याने कंपनीचे शेअर ठेवायचे नाहीत, संचालक व्हायचं नाही, दोन पगार घ्यायचे नाहीत आणि घर भाड्याने द्यायचं नाही. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्यात हा नियम लावून पाहावा, मग त्याचं वजन कळेल.

दुखलं ते जवळच्यांनाच. बीबी टिटी मोहम्मद यांचं उदाहरण घ्या. दार एस सलामच्या गाणाऱ्या-नाचणाऱ्या बायकांच्या मंडळांतून आलेल्या या बाईंनी १९५० च्या दशकात हजारो स्त्रियांना टानूमध्ये आणलं. शिक्षण बेताचं, पण सभा गाजवण्यात न्येरेरेंच्या तोडीची. एकट्या बाईच्या म्हातारपणाचा आधार म्हणजे भाड्याची घरं, ती सोडायला त्यांनी नकार दिला आणि पक्षाच्या केंद्रीय समितीतून बाहेर पडल्या. १९६९ मध्ये त्यांना राजद्रोहाच्या आरोपावरून अटक झाली, पुढे खटला होऊन जन्मठेप झाली, १९७२ मध्ये सुटका झाली. न्येरेरेंचे जुने सहकारी ऑस्कर कंबोना तर १९६७ मध्येच देश सोडून गेले होते.

बंधनं अगदी काटेकोर पाळली गेली असं नाही, पण दोन दशकं ती कागदावर आणि लोकांच्या तोंडी जिवंत होती. १९९१ मध्ये झांझिबारला झालेल्या बैठकीत पक्षाने ती काढून टाकली. न्येरेरेंनी स्वतःसाठी संपत्ती जमवली नाही, हे त्यांचे विरोधकही मान्य करतात.

उजामा गाव प्रत्यक्षात कसं असायचं? एखादं चाललं का?

चाललं. उजामा गाव म्हणजे लोकांनी एकत्र राहून सामूहिक शेती करायची, आणि जे चाललं त्याची गोष्ट या सगळ्या प्रकरणाची किल्ली आहे.

देशाच्या दक्षिण टोकाला सोंगेआच्या परिसरात, रुवुमा प्रांतात, १९६० च्या सुरुवातीला काही तरुणांनी लितोवा इथे एकत्र शेती सुरू केली. पुढारी होते टानूच्या युवक शाखेचे न्तिंबंजायो मिलिंगा. सुरुवातीचे दिवस उपाशी काढले. मग जम बसला, आजूबाजूची गावं सामील होत गेली आणि दशकाच्या अखेरीस सतराएक गावांची रुवुमा विकास संघटना उभी राहिली. सल्ल्याला एक-दोन परदेशी मित्र होते, पण निर्णय गावाच्या सभेत. काय पेरायचं, किती वाटायचं, किती शिल्लक टाकायची हे लोकच ठरवत. संघटनेची स्वतःची पिठाची गिरणी होती, लाकूड कापायची मिल होती. लितोवाच्या शाळेत मुलं शेतही करत आणि गावाच्या हिशोबातून गणितही शिकत. न्येरेरेंच्या शिक्षण धोरणावर या शाळेची छाप आहे.

म्हणजे पुस्तिकेत लिहिलेलं जमिनीवर उगवलं होतं, आणि न्येरेरेंचा त्याला उघड पाठिंबा होता. पण प्रांताच्या अधिकाऱ्यांना आणि पक्षातल्या बड्यांना, आपल्याला न विचारता चालणारी, आपल्या पायावर उभी संघटना खुपू लागली. सप्टेंबर १९६९ मध्ये पक्षाच्या केंद्रीय समितीने ती बरखास्त केली. गिरणीसकट मालमत्ता ताब्यात घेतली, शाळेतल्या शिक्षकांची पांगापांग झाली. यापुढे उजामा गावं पक्ष स्वतः उभारील, असं ठरलं. त्या पक्षाचे अध्यक्ष न्येरेरेच होते.

पुढचं सगळं या निर्णयातून आलं, असं माझं मत आहे. तेलाचे भाव आणि दुष्काळ नंतरचे.

मग सक्ती कधी सुरू झाली?

न्येरेरेंनी १९६० च्या दशकात पुन्हा पुन्हा लिहिलं होतं की उजामा गावात कोणालाही ढकलता येणार नाही, माणसांचा विकास माणसंच करतात. लोक मात्र ढिम्म. रस्ता, पाणी, शाळा मिळेल म्हणून काही आले. १९७३ पर्यंत सुमारे २० लाख लोक अशा गावांत नोंदले गेले होते, त्यांतलीही बरीच गावं नावापुरती. नोव्हेंबर १९७३ मध्ये न्येरेरेंनी जाहीर केलं की गावात राहणं हा आता हुकूम आहे आणि १९७६ च्या अखेरपर्यंत हे पूर्ण झालं पाहिजे.

मोहिमेला 'ऑपरेशन' म्हणत. विखुरलेल्या वाड्या-वस्त्यांवर ट्रक आणि गणवेशातली माणसं यायची. जे हलले नाहीत त्यांची छपरं उतरवली गेली, काही ठिकाणी झोपड्या जाळल्या गेल्या. नवी गावं रस्त्यालगत, सरळ रेषेत आखलेली, कारण अधिकाऱ्याला जीपमधून दिसायला सोपं. शेत मात्र राहिलं कोसावर मागे. १९७७ पर्यंत सरकारी हिशोबाने १ कोटी ३० लाख लोक गावांत होते. आफ्रिकेतल्या सर्वात मोठ्या स्थलांतरांपैकी हे एक.

त्याआधीच एक ठिणगी पडली होती. इरिंगा भागात इसिमानी इथे मका पिकवणारे सधन शेतकरी होते. प्रांताचे आयुक्त डॉ. विल्बर्ट क्लेरू उजामासाठी फार उतावळे. १९७१ च्या नाताळच्या दिवशी ते सईद म्वाम्विंडी या शेतकऱ्याच्या शेतावर गेले. तो सुट्टीच्या दिवशीही नांगरत होता. बाचाबाची झाली आणि म्वाम्विंडीने बंदूक आणून आयुक्तांना गोळी घातली. मग त्यांचा मृतदेह त्यांच्याच गाडीत घालून तो स्वतः गाडी चालवत इरिंगाच्या पोलिसांकडे हजर झाला. त्याला फाशी झाली. देशभर क्लेरू हुतात्मा ठरले. इसिमानीत लोक दबक्या आवाजात दुसरंच बोलत.

हे विनोबांच्या ग्रामदानासारखंच नाही का?

स्वप्न सारखं वाटतं: जमीन गावाची, निर्णय गावाचा. दोन्ही विचारांची ओळखही होती. १९६२ मध्ये जयप्रकाश नारायण ज्याचे एक सहअध्यक्ष होते त्या जागतिक शांती दलाचं केंद्र दार एस सलामलाच होतं. पण विनोबांच्या हातात सरकार नव्हतं. कागदावर झालेली बरीच ग्रामदानं प्रत्यक्षात उतरली नाहीत, तरी कोणाचं घर मोडलं नाही. न्येरेरेंकडे सरकार होतं.

शेती इतकी का कोसळली?

लोक हलवले गेले ते बऱ्याच ठिकाणी पेरणीच्या तोंडावर. त्यातच १९७३-७४ चा दुष्काळ आणि तेलाची भाववाढ. धान्य आयात करावं लागलं.

पण पाऊस परत आला तरी निर्यातीची पिकं सावरली नाहीत. काजू बघा. आग्नेयेकडच्या म्त्वारा आणि लिंडी भागात काजूची झाडं होती. गोव्याप्रमाणे तिथेही हे झाड पोर्तुगीजांनी आणलं, आणि भारतातल्या कारखान्यांत फुटणारा कच्चा काजू आजही मोठ्या प्रमाणावर तिकडून येतो. १९७३-७४ मध्ये देशाचं उत्पादन सुमारे १ लाख ४५ हजार टन होतं. १९८० च्या दशकाच्या मध्यानंतर ते २० हजार टनांच्या खाली गेलं. कारण काजूचं झाड ट्रकमध्ये घालून नेता येत नाही. माणसं नव्या गावात गेली, झाडं मागे राहिली, खाली रान माजलं.

दुसरं कारण आपल्याकडच्या वाचकाला लगेच समजेल. टांझानियात शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था जोरात होत्या. किलिमांजारोच्या उतारावर कॉफी पिकवणाऱ्या चागा लोकांचा संघ तर १९३० च्या दशकातला. त्यांच्यात भ्रष्टाचार होता, गटबाजी होती. पण १९७६ मध्ये सरकारने सहकारी संघच गुंडाळले आणि प्रत्येक पिकासाठी एक सरकारी महामंडळ नेमलं. महामंडळ खरेदीला उशिरा येणार, पैसे त्याहून उशिरा देणार, आणि भाव इतका कमी की शेतकऱ्याने सरळ पोटापुरतं पिकवायला घेतलं किंवा माल रात्री सीमेपलीकडे नेला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला संघ पुन्हा आणावे लागले.

एवढं सगळं होऊनही लोक त्यांना का मानतात?

कारण बाकीची बाजूही तितकीच खरी आहे.

डिसेंबर १९६२ मध्ये राष्ट्राध्यक्ष म्हणून ते संसदेत स्वाहिलीत बोलले. किनाऱ्यावरच्या व्यापाराची ही भाषा कोणत्याही एका मोठ्या जमातीची नव्हती. तीच प्राथमिक शिक्षणाची, कोर्टाची, सभेची भाषा झाली. माध्यमिक शाळा आणि विद्यापीठ मात्र इंग्रजीतच राहिलं. ही विसंगती न्येरेरेंनीही सोडवली नाही. तरी म्वांझाचा माणूस म्त्वाराच्या माणसाशी आज बिनदिक्कत बोलतो, आणि निवडणुकीत जमात काढणाऱ्याला तिथे वाईट समजतात. शेजारी रवांडा, बुरुंडी, युगांडा आणि केनियात काय काय झालं ते पाहिलं की याची किंमत कळते.

१९७४ मध्ये मुसोमा इथे पक्षाने ठरवलं की तीन वर्षांत प्रत्येक मूल शाळेत हवं. प्रौढ साक्षरतेचे वर्ग झाडाखाली, गोदामात, मिळेल तिथे भरले. १९७३ मध्ये 'माणूस म्हणजे आरोग्य' अशी रेडिओ मोहीम झाली. गावोगाव गट रेडिओभोवती बसून ऐकायचे आणि दुसऱ्या दिवशी संडासाचे खड्डे खणायचे. १९८० च्या दशकात सरकारी आकड्यानुसार साक्षरता ९० टक्क्यांच्या आसपास गेली होती. यातला काही भाग कागदी होता हे धरलं तरी इतक्या गरीब देशात ते विलक्षणच. निवृत्तीनंतर जागतिक बँकेतल्या लोकांनी तुम्ही का अपयशी ठरलात असं विचारलं, तेव्हा न्येरेरेंनी ब्रिटिशांच्या दोन इंजिनिअर आणि बारा डॉक्टरांचा हिशोब पुढे केला होता.

भारतीय वंशाच्या लोकांशी कसे वागले?

दोन उत्तरं आहेत.

ऑक्टोबर १९६१ मध्ये नागरिकत्वाच्या विधेयकावर त्यांच्याच पक्षाचे लोक म्हणत होते की नागरिकत्व फक्त आफ्रिकींना द्या. न्येरेरे संसदेत चवताळून उठले. कातडीच्या रंगावरून माणूस ठरवणारे हिटलरच्या वाटेने चाललेत, असं सुनावून त्यांनी राजीनाम्याची तयारी दाखवली. विधेयक वंशभेदाविना मंजूर झालं. १९६५ च्या निवडणुकीत अमीर जमाल हे भारतीय वंशाचे उमेदवार मोरोगोरोच्या आफ्रिकी मतदारांनी निवडून दिले. अर्थमंत्री पॉल बोमानी त्याच निवडणुकीत पडले आणि अर्थखातं जमालांकडे आलं. पुढे अनेक वर्षं ते त्यांच्याकडे राहिलं. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातल्या भारतीयांना हाकललं, तेव्हा आफ्रिकी नेत्यांत उघड निषेध करणाऱ्यांत न्येरेरे होते.

दुसरं उत्तर १९७१ चं. भाड्याने दिलेल्या, एक लाख शिलिंगांहून जास्त किमतीच्या इमारती सरकारने ताब्यात घेतल्या. कायद्यात वंशाचा उल्लेख नाही, पण शहरातल्या अशा इमारती बहुतेक गुजराती, कच्छी, इस्माइली कुटुंबांच्याच होत्या. हजारो लोक कॅनडा आणि ब्रिटनची वाट धरून गेले. कायद्याचा हेतू काहीही असो, ज्याच्या आजोबांनी खालच्या दुकानातून वरचे दोन मजले चढवले होते त्याला त्यात आपुलकी दिसणं शक्य नव्हतं.

हुकूमशहा होते का?

१९६५ पासून एकच पक्ष. प्रत्येक मतदारसंघात त्याच पक्षाचे दोन उमेदवार, एकाचं चिन्ह कुदळ आणि दुसऱ्याचं घर. मंत्री पडायचे, म्हणजे निवडणूक निव्वळ नाटक नव्हती. पण अध्यक्षपदाला उमेदवार एकच, हो किंवा नाही. खटल्याविना स्थानबद्ध करण्याचा कायदा १९६२ चा. जानेवारी १९६४ मध्ये पगारासाठी सैन्याने बंड केलं, आणि ते मोडायला ब्रिटिश नौदलाचे सैनिक बोलवावे लागले. ही नामुष्की त्यांना फार लागली. त्यानंतर कामगार संघटनाही सरकारी छत्राखाली गेल्या.

एप्रिल १९६४ मध्ये झांझिबारशी एकीकरण झालं आणि टांझानिया जन्माला आला. त्या बेटावर झांझिबारचे अध्यक्ष अबेद करुमे यांचा कारभार क्रूर होता आणि न्येरेरेंनी त्याकडे काणाडोळा केला. १९६९ मध्ये कासिम हंगा आणि ओथमान शरीफ या झांझिबारी नेत्यांना मुख्य भूमीवरून झांझिबारच्या हवाली केलं गेलं आणि तिथे त्यांना ठार मारण्यात आलं. या डागाचं समर्थन मी तरी करू शकत नाही.

गरीब देशाने दुसऱ्यांच्या लढ्यांवर इतका पैसा का घालवला?

१९५९ मध्येच ते म्हणाले होते की आम्हाला किलिमांजारोच्या शिखरावर दिवा लावायचा आहे, जो सीमेपलीकडेही आशा देईल. नुसतं बोलले नाहीत. मोझांबिकच्या फ्रेलिमो या मुक्तिसंघटनेची स्थापना १९६२ मध्ये दार एस सलामला झाली, दक्षिण आफ्रिकेच्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसला (एएनसी) मोरोगोरोजवळ जागा मिळाली. ऱ्होडेशियाच्या (आजच्या झिंबाब्वेच्या) गोऱ्या सरकारबाबत ब्रिटनने कच खाल्ली म्हणून डिसेंबर १९६५ मध्ये राजनैतिक संबंध तोडले आणि ७५ लाख पौंडांच्या कर्जावर पाणी सोडलं. झांबियाला गोऱ्या राजवटींच्या बंदरांवर अवलंबून राहावं लागू नये म्हणून चीनच्या बिनव्याजी कर्जाने १,८६० किलोमीटरचा ताझारा लोहमार्ग बांधला. पाश्चात्त्यांनी हा मार्ग तोट्याचा म्हणून नाकारला होता. १९७८ मध्ये इदी अमीनचं सैन्य कागेरा भागात घुसलं, तेव्हा टांझानियाचं सैन्य प्रतिहल्ला करत एप्रिल १९७९ मध्ये कंपालापर्यंत गेलं. तो खर्च देशाला झेपला नाही.

सत्ता का सोडली?

युद्धानंतर परकीय चलन संपलं. दुकानांत साखर, साबण, तेल मिळेना. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने चलनाचं अवमूल्यन करा, खर्च कापा असं सांगितलं. न्येरेरेंनी १९८० च्या नववर्ष भाषणात विचारलं की नाणेनिधीला जगाचं अर्थमंत्रालय कोणी नेमलं. तडजोड करावी असं म्हणणारे अर्थमंत्री एडविन म्तेई आधीच बाहेर पडले होते. पुढे याच म्तेईंनी विरोधी पक्ष काढला. पाच वर्षं ओढाताण चालली. १९८५ मध्ये न्येरेरे स्वतःहून पायउतार झाले आणि अली हसन म्विन्यी अध्यक्ष झाले. पुढच्याच वर्षी नाणेनिधीशी करार झाला. ज्यावर सही करायची नाही त्याच्या वाटेतून बाजूला व्हायचं, असा तो मार्ग होता. १९९० च्या सुमारास एकपक्षीय राजवटीवर फेरविचार करा, असं आधी तेच म्हणाले. १४ ऑक्टोबर १९९९ ला लंडनच्या रुग्णालयात त्यांचं निधन झालं. दफन बुतियामाला.

आता टांझानियात उजामा उरला आहे का?

राज्यघटनेत देशाचं वर्णन आजही समाजवादी असंच आहे, म्हणजे आपल्या सरनाम्यासारखीच स्थिती. सामूहिक शेती केव्हाच संपली. गावं मात्र राहिली. ऑपरेशनच्या वेळी ट्रकमधून उतरवलेल्या लोकांची नातवंडं तिथेच शेती करतात. १९९९ च्या कायद्याने गावच्या जमिनीचा कारभार गावपरिषद आणि ग्रामसभेकडे दिला. भानगडीही राहिल्या: १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून उत्तरेतल्या अनेक जुन्या मालकांनी, आम्हाला हलवून आमची जमीन दुसऱ्यांना वाटली, असे दावे कोर्टात लावले. सरकारने कायदा करून ते एकदम निकालात काढायचा प्रयत्न केला, पण न्यायालयात तो टिकला नाही.